इशारा पातळी

शीतल मगदूम आमच्याकडं लागला तेव्हा
पुण्याच्या गिऱ्हाइकानं पहिल्याच मेलमध्ये लिहिलं,
'शीतल मॅडम, फाइल मिळाली.'
सांगलीकडं शीतल हे बाप्याचंही नाव असतं,
तीर्थंकरावरून ठेवलेलं, गल्लीत एखादा सापडतोच,
हे एका ओळीत कळवता आलं असतं.
आठ महिने तो मॅडम राहिला.
आम्ही हसलो. मीही.
तेव्हाच ओळखायला हवं होतं,
की हा मुलगा चूक दुरुस्त करतो
पण चूक आहे असं म्हणत नाही.

विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस,
खाली टायरचं दुकान.
मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचं सॉफ्टवेअर लिहितो आम्ही:
वजन, अडत, हमाली, तोलाई,
शेवटी पट्टी छापून बाहेर.

गुरुवारी त्यानं ग्रुपवर टाकलं,
'सर्व्हर जरा स्लो वाटतोय.'
मी अंगठा दिला.
वाचलं? बघते? का तूच बघ?
अंगठ्याचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता.

सोमवारी साडेअकराला पट्टी छापायची थांबली.
हमाल पाठीवर पोतं घेऊन उभे,
आणि चाळीस वर्षं हातानं खतावणी लिहिलेले
आदगोंडा दिवाणजी फोनवर म्हणाले,
'बाई, नेमकं काय झालंय ते सांगा.
कधी सुरू होईल ते सांगा.
तोवर आम्ही काय करायचं, तेबी सांगा.'
मी म्हणाले, 'टेक्निकल इश्यू आहे.'
पलीकडं शांतता. मग 'बरं.'
मग कार्बन पेपर सरकवल्याचा आवाज.

संध्याकाळी शीतलला गाठलं.
'सांगितलं का नाहीस?'
'सांगितलं होतं की ताई. गुरुवारी.'
'जरा म्हणजे किती?'
'एका पट्टीला चौदा सेकंद. आधी दोन लागायचे.'
'मग चौदा लिहायचं!'

तो बोलला नाही. लॅपटॉप माझ्याकडं फिरवला.
मार्चमधली माझी ओळ, त्याच्या कोडखाली:
'हे काय आहे?'

मला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे काय आहे.
तोंडानं विचारलं असतं तर
शेवटी एक 'रे' लागला असता,
हातात भडंगाचा पुडा असता, त्याच्यापुढं केलेला.
पडद्यावर नुसते तीन शब्द उभे होते,
हाताची घडी घालून.
त्यानंतर त्याच्या प्रत्येक वाक्यात 'जरा' आला,
'बहुतेक' आला, 'वाटतंय' आला.
माझ्याच तीन शब्दांचं व्याज.

पुराच्या दिवसांत अख्खं गाव एकच वाक्य वाचतं:
आयर्विन पुलाजवळ इतके फूट, इतके इंच,
वेळ सकाळी आठ.
त्यावर माणसं ठरवतात
गॅसची टाकी वर न्यायची, का म्हैस सोडायची,
का अजून एक रात्र झोपायचं.
'पाणी जरा वाढल्यासारखं वाटतंय'
असं तिथं कुणी लिहीत नाही.
आणि आकडा आणणाऱ्याला
'हे काय आहे?' असंही कुणी विचारत नाही.

मग आम्ही शेजारी बसून दिवाणजींना लिहिलं.
त्यानं चार वेळा खोडलं, मी सहा.
'सर्व्हरची जागा भरली होती. चूक आमची.
उद्या सकाळी सातला सुरू होईल.
हातानं लिहिलेल्या पट्ट्या आम्ही येऊन भरून देतो.'
लगेच उत्तर आलं: 'कळलं. चहाला या.'

रात्री नऊला पुण्याला एक मेल गेला, मला प्रत होती.
'सर, एक दुरुस्ती. मी मॅडम नाही.
आठ महिन्यांपूर्वीच कळवायला हवं होतं.'

अंगठा द्यायला बोट गेलंच होतं.
मागं घेतलं.
लिहिलं, 'वाचलं रे.'